एकसष्ट नंबरचा खिळा

“पाहुणेहो, बरोब्बर अकरा वाजता तुमच्या पायाखालची जमीन हादरेल,” मी माइकवर म्हणालो, “आणि आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही त्याबद्दल टाळ्या वाजवाल!”

मांडवात हशा पिकला. पहिल्या रांगेत बसलेले मेढेकर साहेबसुद्धा हसले, आणि ते हसले म्हणून शेजारचे आमच्या खाणीचे मॅनेजर बोकाडे साहेब दुप्पट हसले. मी घड्याळ पाहिलं. दहा पस्तीस. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि ते तसं चालणारच होतं, कारण ठरवलं मी होतं.

ही शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा तुमसर भागातल्या खाणमालकांच्या मंडळाचा प्रसिद्धी अधिकारी होतो. काम एकच, आपल्या मँगनीजच्या खाणींची भलामण करणं. कधी ग्रामसभेत, कधी नागपूरच्या प्रदर्शनात, कधी एखाद्या आमदाराच्या दिवाणखान्यात. त्याआधी मी साकोलीला भावाच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचे मजकूर आणि निवडणुकीची पत्रकं लिहीत असे. दोन्हींत आहे त्यापेक्षा चांगलं सांगायची सवय लागते, ती इथे कामाला आली. ‘वरणात मीठ, पोलादात मँगनीज’ हे वाक्य माझं. तुमसरपासून नागपूरपर्यंत भिंतीभिंतीवर ते रंगवलं होतं आणि शाळेतली पोरं ते येता-जाता ओरडत. खाणीतले लोक मला पाठीमागे ‘भोंगा’ म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. भोंगा वाजल्याशिवाय खाणीत पाळी सुरू होत नाही.

पण त्या दिवशी नुसतं वाजून भागणार नव्हतं. मोहडोंगरीची आमची खाण गळ्याशी आली होती. परदेशातलं मँगनीज बोटीने स्वस्तात येऊ लागलं होतं. वरचा माल संपत आलेला, खाली पाचव्या लेव्हलला भरपूर होता, पण तिथवर पोचायला पैसा ओतावा लागणार होता, आणि हमखास गिऱ्हाईक असल्याशिवाय मालक तो ओतणार नव्हते. मार्चअखेर टाळं लावायचं, असं ठरल्यातच जमा होतं. चारशे माणसं त्या खाणीवर जगत होती. मेढेकर साहेब एका मोठ्या पोलाद कारखान्याचे खनिज-खरेदीप्रमुख. त्यांनी आमच्याशी करार केला तर पाचवी लेव्हल उघडणार, नाही तर नाही. ते एकच दिवस येणार होते आणि तो दिवस मंडळाने माझ्या हवाली केला होता.

मी दिवस सजवला. सनई, औक्षण, मँगनीजच्या काळ्या दगडांची आरास, आणि शेवटी माझा हुकमी एक्का. सकाळची पाळी वर आली की खाली सुरुंगाला बत्ती देतात. जमिनीखाली दोनशे फुटांवर बार उडतो आणि वर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तळपायाला तो कळतो. पाहुणे खुर्चीत, हातात चहा, आणि पायाखाली मोहडोंगरी बोलते आहे! हे मला आंघोळ करताना सुचलं होतं आणि मी स्वतःवरच खूश झालो होतो.

राहिला प्रश्न भेटवस्तूचा. शाल-श्रीफळ कोणीही देतं. मला खाणीचं असं काही हवं होतं, आणि ते मला हजेरीघराच्या भिंतीवर दिसलं.

हजेरीघर म्हणजे शाफ्टच्या, खाली उतरायच्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी असलेली एक खोली. तिच्या बाहेरच्या भिंतीवर एक लांबलचक फळा, फळ्यावर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर पितळेचं गोल टोकन. प्रत्येक कामगाराचा नंबर त्यावर ठोकलेला. खाली उतरताना माणूस आपलं टोकन काढून खिशात घालतो, वर आल्यावर परत लावतो. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. टोकन लावताना प्रत्येक जण “आलो” म्हणतो आणि खिडकीत वही घेऊन बसलेल्या इंदूताई “या” म्हणतात. नियमात असं कुठे लिहिलेलं नाही, पण मोहडोंगरीत ‘आलो’ आणि ‘या’ झाल्याशिवाय कोणी घराकडे पाऊल टाकत नसे. माझ्या एका पत्रकात मी हे घातलंही होतं, थोडा मीठमसाला लावून.

त्या सकाळी नऊच्या सुमाराला मी इंदूताईंना औक्षणाच्या बायकांची रांग लावायला मांडवात पाठवलं आणि फळ्यासमोर उभा राहिलो. सकाळच्या पाळीचे खिळे रिकामे होते. उरलेली टोकनं हाताळून हाताळून काळी पडलेली. त्यात एकच टोकन लखलखत होतं. नंबर एकसष्ट. जणू आजच घडवून आणलेलं. इतकं चकचकीत टोकन कामावरच्या माणसाचं असणं शक्य नव्हतं. मी ठरवून टाकलं की ते जादाचं असणार. तुमसरच्या सोनाराकडून आणलेली निळ्या मखमलीची डबी खिशात होतीच. टोकन तीत असं बसलं की मला माझीच पाठ थोपटावीशी वाटली.

साडेदहाला मी ती डबी मेढेकर साहेबांच्या हातात दिली. त्यांनी उघडून पाहिली, टोकन उलटंपालटं केलं. सडपातळ, मितभाषी माणूस. मला म्हणाले, “छान आहे. याचा मालक कोण?”

“आता तुम्हीच, साहेब,” मी म्हणालो. केवढ्या टाळ्या!

तर अकरा वाजले. मी हात वर केला. मांडव गप्प झाला. बायकांनी पदर सावरले. कोणीतरी लेकराच्या कानांवर हात ठेवले. पाय जमिनीला टेकवून सगळे वाट पाहू लागले.

काही झालं नाही.

“मोहडोंगरी जरा लाजाळू आहे,” मी म्हणालो. पुन्हा हशा. अकरा पाच झाले. मी मँगनीज आणि नवरीची तुलना केली. अकरा दहा झाले. मी साकोलीच्या एका उमेदवाराचा किस्सा सांगितला. अकरा वीसला मेढेकर साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बोकाडे साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माइक सनईवाल्याच्या हातात देऊन शाफ्टकडे जवळजवळ पळालो.

हजेरीघरासमोर सकाळची सगळी पाळी उभी होती, कोणी हलत नव्हतं. फळ्यापुढे सोमाजी मडावी उभा होता. सोमाजी म्हणजे खाणीतला सरदार. पगडीबिगडीचा नव्हे, पाळीतल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याच्या पदाचं नावच सरदार. त्याने होय म्हटल्याशिवाय बत्ती लागत नाही. पंचावन्नच्या पुढचा, बुटका, एका कानाने कमी ऐकणारा माणूस. तो बोटाने एकेक खिळा मोजत होता.

“सोमाजीभाऊ, अहो, तिकडे पाहुणे ताटकळले! काय झालं?”

“खिळा रिकामा हाय.”

“कोणता?”

“एकसष्ट.”

डबीतला नंबर मला ठाऊक होता. तरी जीभ सवयीने चालली. “असेल पडलं कुठे. खाली कोणी नाही. द्या बत्ती.”

सोमाजी वळला. “तुमाले कसं ठाऊक जी, का खाली कोनी नाई?”

“मी सांगतो ना.”

“तुमी कायले सांगता? खिळा सांगते ना.” तो पुन्हा फळ्याकडे वळला. “नव्या ठेकेदाराचे पंधरा पोट्टे सोमवारपासून येऊन रायले. त्याहीले इथचं काही मालूम नाई. एखाद्यानं हात घातला असंल या खिळ्याले. जुना मानूस त्याले हात लावतच नाई.”

“मुकादमाला विचारा की.”

“इचारलं. मुकादम मनते, सगळे हायेत. मुकादमाच्या मनन्यावर मी बत्ती देऊ? छप्पन भोकं भरून ठेवली हायेत खाली.”

तेवढ्यात बोकाडे साहेब आले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्यावर औक्षणाचं कुंकू ओघळलं होतं. “मडावी, हा काय तमाशा? पाहुणे उठून जातील. बत्ती द्या.”

“लिहून द्या साहेब, का खाली मानूस नाई,” सोमाजी म्हणाला. आवाज चढवला नाही, की हातही जोडले नाहीत. “तुमची सही करा, मी देतो बत्ती.”

बोकाडे साहेबांनी खिशातलं पेन खिशातच ठेवलं. सही कोण करणार? मग तो राग निघायला त्यांना जागा हवी होती, ती खिडकीत सापडली. “इंदूताई, टोकनं सांभाळायचं काम तुमचं. हे टोकन गेलं असेल तर उद्या लेखी जबाब द्यायचा. नोकरीवर बेतेल, सांगून ठेवतो.” आणि ते मांडवाकडे परत गेले, पाहुण्यांना धरून ठेवायला.

मी खिडकीकडे पाहिलं. इंदूताई सलामे, तिशीतली बाई, एरवी बोलकी. रोज मला “भाऊ, आज कुठी भोंगा?” असं तोंडावर विचारायची हिंमत असलेल्या खाणीत त्या एकट्याच. आता त्या वहीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मला वाटलं नोकरीच्या भीतीने.

“चला,” सोमाजी दोघा माणसांना म्हणाला. “डोमा, तू न मी न शिवा. उतरून पाहू. भोकाजवळ बॅटरी जपून न्या.” त्याने आपलं नऊ नंबरचं टोकन खिळ्यावरून काढलं. दुसऱ्या दोघांनी आपापलं काढलं. फळ्यावर आता चार खिळे रिकामे झाले.

भरलेल्या सुरुंगांमध्ये माणूस शोधायला जाणं म्हणजे काय, हे मी कधी खाली गेलो नसलो तरी मला कळत होतं. आणि हो, मी खाली कधीच गेलेलो नव्हतो. सहा वर्षं खाणींची आरती गाणारा मी एकदाही खाण उतरलो नव्हतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सोमाजीबरोबर पिंजऱ्यात उभा राहिलो होतो. पिंजरा दहा फूट खाली गेला, उजेड गेला, आणि मी लोखंडी जाळी धरून “वर घ्या, वर घ्या” असं किंचाळलो. सोमाजीने घंटा देऊन पिंजरा वर घेतला. त्यानंतर कधी माझं ब्लडप्रेशर आडवं आलं, कधी पाठीचा मणका. सोमाजीने ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. मलाही कधी ऐकवली नाही.

ते तिघे पिंजऱ्याकडे निघाले. खिडकीतून इंदूताई हळूच म्हणाल्या, “काका, चौदा वर्सांत बाबाचा खिळा एकडाव बी रिकामा नाई रायला जी.”

“पाहतो बाई मी. तू रडू नको,” सोमाजी म्हणाला.

“बाबाचा?” मी विचारलं. “कोणाच्या बाबाचा?”

मग सोमाजी थांबला आणि माझ्याकडे न पाहता सांगू लागला. “एकसष्ट नंबर झिबल कोडापेचा. हिच्या बाबाचा. ब्याऐंशी साली तिसऱ्या लेव्हलले छत खाली आलं. मी वाचलो, हा कान गेला. झिबल दबला. तीन दिवस हा खिळा रिकामा होता. हे पोरगी इथंच बसून रायली, उठेच ना. चवथ्या रोजी आमी त्याले काढलं. त्याच्या खिशातून मी टोकन काढलं, इथं लावलं, न त्याच्या नावानं मीच मनलो, ‘आलो’. तवापासून तो वरच हाय. त्याचं टोकन कोनी नाई काढत.”

“मग ते इतकं चकचकीत कसं?” हा प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला.

इंदूताईंनी माझ्याकडे पाहिलं. “मी रोज चिंच लावून पुसतो ना, भाऊ.” आमच्या भागातल्या बायका अशाच बोलतात, ‘मी पुसतो’. टोकन चकचकीत आहे हे मला कसं ठाऊक, ते त्यांच्या ध्यानात यायला अजून क्षणभर अवकाश होता.

आता खोटं कशाला बोलू? मी तेव्हाही लगेच तोंड उघडलं नाही. सगळा हिशेब मला स्वच्छ दिसत होता. ते तिघे उतरतील, तासभर शोधतील, कोणी सापडणार नाही. टोकन हरवलं म्हणून इंदूताईंचा जबाब होईल. मेढेकर साहेब डबी घेऊन आपल्या गावी जातील आणि मी जसा आहे तसा राहीन. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं ही एकच गोष्ट मला आयुष्यात कधी जमली नव्हती. ती त्या दिवशी मिनिटभर जमली, याची लाज मला आजही वाटते.

पिंजऱ्याचं दार वाजलं. सोमाजी आत शिरला.

“थांबा!” मी ओरडलो. “सोमाजीभाऊ, बाहेर या. टोकन मी काढलं.”

चारशे नसतील, पण शंभरेक माणसं तिथे होती.

“सकाळी काढलं. मला वाटलं जादाचं आहे. पाहुण्यांना भेट दिलं.”

कोणी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. सोमाजी पिंजऱ्यातून बाहेर आला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “भेट दिलं?” त्याने विचारलं. बहुतेक त्या कानाने नीट ऐकू आलं नसावं, म्हणून मला ते पुन्हा सांगावं लागलं. आणि मग तो एवढंच म्हणाला, “मंग आना जी परत.”

हजेरीघर ते मांडव, शंभर पावलं असतील. मी आयुष्यात पुष्कळ सभा गाजवल्या, पण तेवढं लांब अंतर कधी चाललो नाही. सनईवाला माझ्याकडे पाहून थांबला. बोकाडे साहेब आशेने उठले. त्यांना वाटलं मी बत्ती लागल्याची वर्दी आणली. मी माइक घेतला. कानात जाऊन सांगता आलं असतं, पण सकाळपासून जे काही केलं होतं ते माइकवरच केलं होतं.

“मेढेकर साहेब,” मी म्हणालो, “मघाशी दिलेली भेट मला परत पाहिजे.”

बोकाडे साहेब खाली बसले. मांडवात कोणीतरी हसलं, त्याला वाटलं हाही माझाच विनोद.

मेढेकर साहेबांनी चष्मा काढला. “दिलेली भेट परत?”

“ती माझी नव्हती, साहेब. तुम्ही मालक कोण ते विचारलंत, तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. मालकाचं नाव झिबल कोडापे. ते चौदा वर्षांपूर्वी खाणीत दबून गेले. त्यांचा खिळा रिकामा आहे म्हणून खाली बत्ती लावायला सरदार तयार नाही. तीन माणसं खाली कोणी राहिलंय का ते पाहायला भरल्या सुरुंगात उतरायला निघाली होती, माझ्यामुळे.”

मी माइक खाली ठेवला. लोक सांगतात की भोंगा बंद पडलेला त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मेढेकर साहेब उठले. डबी त्यांनी मला दिली नाही. हातातच धरून म्हणाले, “चला, कुठे आहे तो फळा?”

पुढे ते, मागे मी, माझ्या मागे बोकाडे साहेब आणि सगळा मांडव, आरत्या घेतलेल्या बायकांसकट. हजेरीघरासमोर लोकांनी वाट करून दिली. मेढेकर साहेबांनी डबी उघडली, टोकन काढलं आणि ते खिळ्याकडे हात नेऊ लागले, तसा सोमाजी मध्ये आला.

“तुमी नाई साहेब. ज्यानं काढलं, त्यानं लावावं.”

मेढेकर साहेबांनी टोकन माझ्या तळहातावर ठेवलं. खूप हलकं होतं. मी ते एकसष्टच्या खिळ्यावर अडकवलं आणि मागे सरकलो. वाटलं, संपलं.

“बोला,” सोमाजी म्हणाला.

“काय?”

“लावल्यावर काय मनतेत मानसं? पत्रकात लिवलं होतं ना तुमी.”

मी फळ्याकडे तोंड केलं. “आलो,” मी म्हणालो. पण कोणाला ऐकू गेलं नाही.

“जोरानं जी. त्याले दुरून या लागते.”

“आलो!”

खिडकीतून इंदूताईंचा आवाज आला.

“या, बाबा.”

माझ्यामागे उभ्या असलेल्या औक्षणाच्या बायका रडू लागल्या. मीही रडलो, लपवायचा प्रयत्न केला नाही. सोमाजीने फळ्यावर पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत पुन्हा बोट फिरवलं. आपलं नऊ नंबर, डोमाचं, शिवाचं, सगळी टोकनं लावून घेतली. मग बत्ती देणाऱ्यांची दोन टोकनं काढायला लावून त्यांना खाली पाठवलं. ते दोघे बत्ती लावून सुरक्षित जागी पोचल्याची घंटा आली आणि बारा वाजून वीस मिनिटांनी बार उडाला. जमीन हादरली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मीही विसरलो.

गाडीत बसण्याआधी मेढेकर साहेबांनी मला बाजूला घेतलं. मी मनाची तयारी केली होती. “कापगते, तुमचा कार्यक्रम किती उशिरा झाला?”

“एक तास वीस मिनिटं, साहेब.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढून ते टिपून घेतलं. “अहवालात मला हा आकडा लागेल. मी फिरतो त्या खाणींत माझ्यासाठी सगळं वेळेवर होतं. कसं होतं, ते मी कधी विचारलं नव्हतं.” मग डायरी ठेवता ठेवता सहज म्हणाले, “खाली कसं असतं हो?”

या प्रश्नाला माझ्याकडे तीन तयार उत्तरं होती, त्यातलं एक तर यमक जुळणारं होतं. “ठाऊक नाही,” मी म्हणालो. “मी कधी उतरलेलो नाही.”

सोमाजी चार हातांवर उभा होता. कमी ऐकणाऱ्या माणसाने नेमकं तेवढं ऐकलं आणि म्हणाला, “उद्या सात वाजता या जी.”

करार एप्रिलमध्ये झाला. आम्ही पाच वर्षांचा मागितला होता, तीन वर्षांचा मिळाला. पण पाचवी लेव्हल उघडली आणि मोहडोंगरीला टाळं लागलं नाही. माझी नोकरी जायची होती, ती मेढेकरांचं पत्र आल्यावर बोकाडे साहेबांनी राखली, आणि इंदूताईंच्या जबाबाचा विषय तर त्या दुपारनंतर कोणी पुन्हा काढला नाही. पण हे सगळं नंतरचं. माझ्यासाठी गोष्ट दुसऱ्याच दिवशी सकाळी संपली.

मी हजेरीघराशी गेलो तेव्हा सोमाजी वाटच पाहत होता. फळ्याच्या शेवटी एक नवा खिळा ठोकलेला होता आणि त्याला टोकन. चारशे बारा. त्यावरचे आकडे कोणीतरी रात्रीतून ठोकून घेतले होते, दोनाचा आकडा जरा तिरपा होता.

“काढा,” सोमाजी म्हणाला.

मी काढलं आणि खिशात घातलं. खिळा रिकामा झाला. मी पिंजऱ्यात पाय टाकला. सोमाजी माझ्या उजव्या बाजूला उभा राहिला, चांगल्या कानाची बाजू माझ्याकडे करून. दहा फुटांवर उजेड गेला. मी जाळी धरली. “बोलत राहा जी,” तो म्हणाला. “तुमाले तेच येते.” मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. बहुधा ‘वरणात मीठ’च म्हणत होतो.

खाली मी पाऊण तास होतो. पाणी ठिबकत होतं, ओलसर उष्मा होता, आणि दिव्याच्या उजेडात काळा दगड निळसर दिसत होता. माणसं छताला काठीने ठोकून आवाज ऐकत होती, मग पुढे पाऊल टाकत होती. तिसऱ्या लेव्हलच्या एका वळणावर सोमाजी थांबला, भिंतीला हात लावून तोच हात कपाळाला लावला. मीही लावला.

वर आलो तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं. पाळीतली चार-पाच माणसं फळ्यापाशी होती, मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली. तिरपा दोन असलेलं टोकन मी खिळ्याला अडकवलं. सहा वर्षांत खाणीबद्दल मी लाखभर शब्द तरी बोललो असेन.

“आलो,” मी म्हणालो.

इंदूताईंनी वहीतून मान वर केली, नीट पाहून घेतलं, आणि म्हणाल्या, “या, भाऊ.”

सोमाजीने आपलं नऊ नंबर लावलं आणि पाण्याचा गडू माझ्यापुढे केला.

“आता वाजवा तुमचा भोंगा,” तो म्हणाला.